तारेवर 62 व्होल्ट

गिटारची तार आणि माइकची जाळी यांच्यामध्ये मल्टीमीटरच्या दोन पिना धरल्या आणि एसीचा आकडा आला 62. सकाळचे साडेनऊ वाजले होते. मे महिना, परभणीजवळचं कापसाचं एक जिनिंग, आणि ध्वनिमुद्रण बाराला सुरू करायचं ठरलेलं. गाणारा माणूस हातानं तारा दाबतो आणि ओठ जाळीला टेकवतो. घामेजल्या अंगातून करंट जायला 62 व्होल्ट भरपूर झाले. म्हणून माइकजवळ कुणीही जाण्याआधी मी हे मोजतोच, मग भजन असो की नॉइज रॉक.

त्या दिवशी नॉइज रॉक होतं, म्हणजे गोंगाटालाच संगीत मानणारं रॉक. तिघंच जण. एकाकडे इलेक्ट्रिक गिटार. दुसऱ्याकडे बेंजो, म्हणजे लग्नाच्या वरातीत वाजतो तो टाइपरायटरसारख्या बटणांचा, पण आवाज मुद्दाम फाडणाऱ्या फझ पेडलमधून जाणारा. तिसऱ्याकडे ड्रमसेट आणि शेजारी स्टँडला बांधलेली हलगी. बास गिटार नाही. आठ वर्षांत पाच मुद्रणं, सगळी स्वतःच इंटरनेटवर टाकलेली. जाहीर कार्यक्रम वीसच्या आत, कारण पाचव्या मिनिटाला हॉलचा माणूस मेन स्विचकडे निघतो. स्टुडिओत तासावर पैसे मोजावे लागतात आणि यांचा एकेक तुकडा अर्ध्या तासाचा, मधे थांबला की मोडणारा. जिनिंगचा हंगाम संपला की शेड मोकळं असतं आणि जवळ वस्ती नसते. म्हणून शेड.

बास नसलेल्या अशा त्रिकुटाचं मोठं उदाहरण म्हणजे न्यूझीलंडचं 'द डेड सी' (The Dead C). मायकेल मॉर्ली आणि ब्रूस रसेल गिटारवर, रॉबी यीट्स ड्रमवर. 1988मध्ये फ्लाइंग नन कंपनीनं त्यांचा पहिला अल्बम काढला, पुढं छोट्या छोट्या कंपन्यांनी काढले, आणि तीस वर्षांहून जास्त काळ तेच तिघं वाजवत राहिले. माझ्या कामाच्या दृष्टीनं त्यांच्याबद्दलची एक गोष्ट महत्त्वाची आहे: न्यूझीलंडची वीज आपल्यासारखीच, 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. तिथल्या ॲम्पचा (ॲम्प्लिफायरचा) गुणगुणाट, म्हणजे हम, आणि परभणीतला गुणगुणाट एकाच सुरात असतो, पाश्चात्त्य जी या स्वरापेक्षा किंचित चढा. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, तिथला सूर बी-फ्लॅट आणि बी यांच्या मधे पडतो. आमचा गिटारवाला पाचवी तार ए वरून जी वर उतरवून त्या गुणगुणाटाशी मिळवतो. हे मुद्दाम सांगतो, कारण 'यांना आवाजच हवाय, मग थोडी हम राहिली तर काय बिघडलं' असं लोक म्हणतात. फझ पेडल आलेला सिग्नल शेकडो पटींनी वाढवतं. वायरीतून आलेली बारीकशी हम त्यातून बाहेर पडते तेव्हा ती वाद्याइतकीच मोठी असते, आणि ती कधी सुरू होते, कधी थांबते यावर वाजवणाऱ्याचा ताबा नसतो. या तिघांना प्रत्येक आवाजावर ताबा लागतो.

आता ते 62 कुठून आले. जिनिंगच्या ऑफिसची वायरिंग वेगळी आणि शेडची वेगळी. मिक्सर आणि लॅपटॉप ऑफिसच्या बोर्डावर होते, दोन्ही ॲम्प शेडच्या बोर्डावर. माइकची जाळी मिक्सरमार्गे ऑफिसच्या अर्थिंगला जोडलेली, गिटारच्या तारा ॲम्पमार्गे शेडच्या अर्थिंगला. म्हणजे दोन अर्थिंगमध्येच फरक होता. ऑफिसच्या बोर्डावर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात 3 व्होल्ट आले, तेवढे चालतात. शेडच्या बोर्डावर 59. फेज-न्यूट्रल मात्र दोन्हीकडे 224.

मग एकेक वस्तू काढत गेलो. पहिला ॲम्प काढला, 58. दुसरा काढून पुन्हा दोन्ही लावले, फारसा फरक नाही. पत्र्याचा मोठा कूलर काढला आणि आकडा 9 वर आला. कूलरच्या टाकीतल्या पंपाची वाइंडिंग ओल धरून लीक होत होती. पंपाची बॉडी अर्थला जोडलेली, त्यामुळं तो करंट अर्थच्या वायरीतून जमिनीत जायला निघालेला. जमिनीनं तो घेतला असता तर व्होल्टेज चढलंच नसतं. याचा अर्थ खड्ड्यात दोष होता.

अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण उघडलं. आत नरसाळं, त्याखाली जीआय पाइप, आणि पाइपाभोवती दोन बोटं मोकळी फट. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेताला भेगा पडतात तशीच ती पाइपापासून सुटते. मीठ केव्हाच वाहून गेलेलं, कोळशाचा भुगा कोरडा. गावातल्या वायरमननं टेस्ट लॅम्प लावला: 100 वॉटचा बल्ब फेज आणि अर्थ यांच्यामध्ये. तो जेमतेम लाल झाला. ही चाचणी करताना सगळ्या प्लग काढायच्या आणि कुणालाही पत्र्याला, मशीनला हात लावू द्यायचा नाही, कारण तेवढा वेळ आपण स्वतःच त्या अर्थवर व्होल्टेज चढवत असतो. आणि बल्ब लख्ख पेटला म्हणजे अर्थिंग उत्तम, असंही समजू नये. अर्ध्या ॲम्पिअरपेक्षाही कमी करंटवर काही दहा ओहमचा दोष बल्बला दिसत नाही. खरा आकडा अर्थ टेस्टरच देतो.

अशा वेळी कुणीतरी हमखास सुचवतं, ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढून टाका. त्यानं हम खरंच थांबते. पण व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, ॲम्पमध्ये ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर 230 व्होल्ट सरळ गिटारच्या तारांवर येतात आणि त्यांना जायला वाट उरते ती वाजवणाऱ्याच्या अंगातून. तिसरी पिन कुणीही, कधीही काढू नये.

आम्ही सगळं एकाच बोर्डावर आणलं. ऑफिसची अर्थिंग बोअरच्या लोखंडी केसिंगला जोडलेली होती, आणि खोल ओलीत असल्यानं ती मेमध्येही शाबूत होती. दोन ॲम्प, मिक्सर, लॅपटॉप मिळून 5 ॲम्पिअरच्या आत बसतात, त्यामुळं 2.5 चौरस मिलिमीटरची तीन कोअरची 30 मीटर केबल पुरली. तिच्या सुरुवातीलाच 30 मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच. तार ते जाळी आता 0.6 व्होल्ट.

हम तरीही थोडी उरली. गिटारचा सिग्नल दोन ॲम्पमध्ये वाटलेला होता, आणि दोन केबलींच्या आतल्या ग्राउंडच्या जाळ्या व दोन प्लगांचे अर्थ मिळून एक गोल रिंगण तयार झालं होतं. यावरचा उपाय सिग्नलच्या वाटेवर करायचा: ट्रान्सफॉर्मर असलेला स्प्लिटर लावून एका बाजूची जाळी ग्राउंड लिफ्टनं तोडली. मग राहिला बेंजोचा खरखराट, 100 हर्ट्झचा आणि वर त्याच्या पटींचा. ट्यूबलाइटच्या चोक बंद केल्यावर तो निम्मा झाला. बेंजोचा पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडणारं वेटोळं, घरी गुंडाळलेला, त्याला कसलंच आवरण नाही. त्याच्याभोवती तांब्याची पट्टी चिकटवली, जॅकच्या ग्राउंडला डाग दिला आणि वाद्य ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून चार फूट लांब, आडवं वळवून ठेवलं. कुठल्या कोनात खरखर सगळ्यात कमी होते ते हेडफोन लावून, वाद्य हळूहळू फिरवून शोधावं लागतं. तो कोन सापडला की खाली खडूनं खूण.

कूलर बंद झाल्याचा दुसरा फायदा हलगीला झाला. कूलरच्या ओलसर वाऱ्यात तिचं कातडं वीस मिनिटांत उतरत होतं. एरवी ती जाळावर शेकतात, पण जिनिंगच्या शेडमध्ये जाळ पेटवणं शक्यच नाही. कोपऱ्याकोपऱ्यात कापसाचं तूस असतं. ते आधी झाडून काढलं होतं, तापलेले व्हॉल्व्ह कापसाच्या गाठींपासून दहा फूट लांब ठेवले होते, वाळूच्या चार बादल्या दाराशी होत्या. हलगी बाहेर उन्हात दहा मिनिटं ठेवली की टणटणीत व्हायची. दर तुकड्याआधी तेच केलं.

शेडमध्ये उरलेल्या अकरा गाठी, एकेक 170 किलोची, हमालांनी ड्रम आणि ॲम्प यांच्यामध्ये दोन थरांत लावून दिल्या. दाबलेली गाठ आवाज अडवते, पण शोषते कमी. शोषायला वाकळा लागतात, त्याही भिंतीपासून चार बोटं सोडून टांगलेल्या. ड्रमवर चारच माइक. वरचे दोन स्नेअरच्या मध्यापासून सुतळीनं मोजून सारख्या अंतरावर, म्हणजे स्नेअर दोन्हीत एकाच वेळी पोचतो आणि पोकळ होत नाही. ॲम्पपुढं डायनॅमिक माइक, कोनच्या मध्यापासून थोडा बाजूला. कंडेन्सर माइक एवढ्या जवळ ठेवला तर सिग्नल घटवणारं पॅड लावूनही आवाज फाटू शकतो. 24 बिट, आणि सगळ्यात मोठा फटका उणे 10 डेसिबलच्या वर जाणार नाही एवढाच गेन.

अडीचला सुरू झालं. त्यांचा तुकडा शांततेतून निघतो: पहिली चाळीस सेकंदं गिटारवाला खडूच्या खुणेवर ॲम्पकडे तोंड करून नुसता उभा राहतो आणि फीडबॅक, म्हणजे ॲम्पच्या आवाजानं तारच पुन्हा वाजायला लागणं, आपोआप उगवायची वाट बघतो. खूण अर्धा फूट चुकली तर वेगळाच सूर उगवतो. त्या चाळीस सेकंदांत हेडफोनमध्ये पत्रा तापल्याचे कुट्ट कुट्ट आवाज होते, हलगीवाल्याचा श्वास होता, हम नव्हती. मग पाचव्या तारेचा जी हळूहळू वर आला. 26 मिनिटांचा पहिला तुकडा, 24 मिनिटांचा दुसरा. ठेवला तो दुसरा.

दोन तुकड्यांच्या मधे वायरमन आणि मी अर्थिंगच्या खड्ड्याशी होतो. आमचं सगळं बोअरच्या अर्थिंगवर गेलं होतं, पण शेडचे मामा, तिथले रखवालदार, रोज रात्री त्याच कूलरपुढं बाज टाकून झोपतात. टाकीतलं सत्तरेक लिटर पाणी बादल्यांनी नरसाळ्यात ओतायला लागलो तसे मामा धावत आले.

"टँकर चार दिसाला येतंय, अन् तुम्ही पाणी खड्ड्यात ओतायलात व्हय?"

"कूलरच्याच टाकीतलं हाय मामा. ह्या कूलरला करंट उतरलाय. खड्डा वला राहिला तरच तो जमिनीत जाईल."

मामा काही न बोलता आत गेले आणि भांडी धुतलेलं पाणी घेऊन आले.

पाच किलो खडं मीठ, नवा कोळसा, आणि पाणी हळूहळू, तीन तास. एकदम ओतलं तर ते फटीतून खाली निघून जातं, माती फुगायला वेळच मिळत नाही. वायरमननं नवा पंप बसवला आणि शेडच्या बोर्डालाही एक आरसीसीबी लावली. खड्डा थोडा कमी पडला तरी 30 मिलिॲम्पिअरला ती पडते, एवढा आधार हवाच.

संध्याकाळी सातला न्यूट्रल-अर्थ 2.1 व्होल्ट. तारीख आणि आकडा बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहिला, आणि खाली: पाऊस पडेपर्यंत दर तिसऱ्या दिवशी दोन बादल्या.