डाग दिसले आणि ब्रिटनमधले डॉक्टर म्हणाले, ‘थांबा’

ज्यांच्या लेकी-सुना ब्रिटनमध्ये आहेत आणि फोनवर “इथे कुणी बघतच नाही गं” म्हणून रडतात, त्या आयांसाठी आणि सासूबाईंसाठी हे लिहिते आहे.

दिवस गेल्यावर सुरुवातीला डाग दिसले की आपल्याकडे त्याच दिवशी डॉक्टरीणबाई, सोनोग्राफी, गोळ्या आणि “पडून राहा”. मी जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांना, फोन केला तेव्हा सहा आठवडेही पुरे झाले नव्हते. डाग तपकिरी होते, पोटात दुखत नव्हतं. उत्तर आलं: सात ते दहा दिवसांनी घरीच पुन्हा टेस्ट करा, दुखलं किंवा रक्त जायचं थांबलं नाही तर लगेच कळवा. ते ऐकून मला इतकं एकटं वाटलं की काय सांगू.

असं का, ते पुढे मिडवाइफने, म्हणजे गरोदरपणात काळजी घेणाऱ्या प्रशिक्षित सुईणीने, समजावलं. इतक्या लवकर सोनोग्राफीत बहुतेकदा गर्भाच्या हृदयाचा ठोका दिसतच नाही. गर्भ ७ मिलिमीटरपेक्षा लहान असेल आणि ठोका नसेल, तर निदान न करता किमान सात दिवसांनी पुन्हा बघतात. म्हणजे घाई करून पदरात पडतो तो आणखी एक टांगलेला आठवडा. पडून राहिल्याने गर्भ टिकतो असा पुरावा नाही. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चौघींपैकी एकीला थोडंफार रक्त जातं आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं पुढे नीट पार पडतं. ज्यांचं राहत नाही, त्यांच्यात बहुतेकदा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. जिना चढल्याने, पिशवी उचलल्याने ते होत नाही. हे मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

औषध मात्र अजिबात देत नाहीत असं नाही. आधी गर्भपात झालेला असेल, आता रक्त जात असेल आणि गर्भ गर्भाशयात आहे हे सोनोग्राफीत दिसलं असेल, तर २०२१ पासून इथल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकायला लागणारं हार्मोन, देतात. तुमच्या लेकीला हे लागू असेल तर तिने स्वतःहून विचारावं.

आणि थांबायचं नाही ते कधी? पोटात एका बाजूला जोरात दुखणं, खांद्याच्या टोकाशी दुखणं, भोवळ येणं, तासाभरात पॅड पूर्ण भिजणं. गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत असू शकतो, त्यात जीवाला धोका असतो. तेव्हा जीपीची वाट न पाहता थेट इमर्जन्सी. भोवळ येत असेल तर ९९९, म्हणजे इथल्या अँब्युलन्सच्या नंबरवर, फोन.

रात्री सगळ्यात कठीण. इथे अकरा वाजतात तेव्हा तिकडे पहाटेचे साडेतीन-साडेचार, आईला उठवायचं तरी कसं? मी डागांचा रंग, वेळ, दुखणं एका वहीत लिहायला लागले. चिंता गेली नाही, पण दर वेळी बाथरूममधून आल्यावर इंटरनेट शोधणं थांबलं आणि मिडवाइफला सांगायला नेमकी माहिती हाताशी राहिली.

पुढे सोनोग्राफीत ठोका दिसला. डाग त्यानंतरही काही दिवस येतच होते.

फोनवर “काय खाल्लं होतंस? काही उचललंस का?” असं तेवढं विचारू नका. माझी आई रोज विचारायची, “आज दुखतंय का? कुणाला कळवलंस? झोप झाली का?” आणि मग मला जेवढं बोलायचं असेल तेवढं ऐकत राहायची.