आमची वाटचाल : कार्डांपासून बोलत्या टॅबपर्यंत

नौपाड्यातलं आमचं दुकान मुळात छपाई-लॅमिनेशनचं. लग्नपत्रिका, बिलबुकं, सोसायट्यांच्या नोटिसा. ऑटिझमचा विषय दुकानात आणला तो एका स्पीच थेरपिस्ट ताईंनी. त्यांना मागे व्हेल्क्रो लावलेली चित्रकार्डं हवी होती. न बोलणारं मूल कार्ड समोरच्याच्या हातात देतं आणि हवी ती वस्तू मिळवतं. ‘पेक्स’ नावाची ही पद्धत बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत बसवली. आम्हाला तेव्हा एवढंच कळलं, की मुलं कार्डं चावतात. १२५ मायक्रॉनची फिल्म बघता बघता सोलून यायची. मग २५० मायक्रॉन घेतली, कोपरे गोल केले, कडेला सीलची पट्टी जरा रुंद सोडली. ती कार्डं टिकली आणि थेरपिस्ट मंडळींत आमचं नाव झालं.

शब्द वाढले की कार्डांची फाइल इतकी फुगते की ती घरीच राहते. म्हणून टॅबकडे वळलो: चित्रावर बोट ठेवलं की टॅब तो शब्द बोलतो. ॲप बनवायच्या भानगडीत पडलो नाही. चेन्नईचं ‘आवाज’ नावाचं ॲप आहे. आयआयटी मुंबईचं ‘जेलो’ तर फुकट, शिवाय मराठीतही. ‘फुकट आहे, मग तुम्ही पैसे कसले घेता?’ हा प्रश्न हमखास येतो.

पैसे घरी येण्याचे. त्या घरातलं ताट, तीच पाण्याची बाटली, आजी, सगळ्यांचे फोटो काढून चौकटीत बसवतो. जेवणाच्या जागी बर्गर दिसला तर कळव्यातल्या वरणभात खाणाऱ्या पोराला काय बोध होणार? आवाज शक्यतो घरातल्याच भावंडाचा रेकॉर्ड करतो. वर जाड रबरी कव्हर, गळ्यात पट्टा आणि स्क्रीन पिन, म्हणजे दुसरं ॲप उघडतच नाही. नाहीतर बोट थेट यूट्यूबवर.

खरा वाद टॅबच्या पहिल्या पानावरून होतो. पालकांना पाणी, भूक, शू एवढंच हवं असतं. आम्ही ‘नको’, ‘पुरे’, ‘आवाज होतोय’ तिथेच बसवतो. घणसोलीत एका घरी मिक्सर लागला की मुलगा भिंतीवर डोकं आपटायचा. तो ‘आवाज होतोय’ दाबायला शिकला, तशी आई चटणी वाटायच्या आधी त्याला हेडफोन देऊ लागली. आपटणं बंद झालं असं म्हणणार नाही. बरंच कमी झालं.

आजी-आजोबांना वेगळीच धास्ती : टॅब बोलला की पोरगं तोंड उघडणारच नाही. आजवरच्या संशोधनात तसं दिसलेलं नाही, उलट काही मुलांचं बोलणं थोडं वाढतं. वाढेलच, अशी हमी मात्र आम्ही देत नाही. देणारा भेटला तर त्याच्याकडून टॅब घेऊ नका.

निदान आणि थेरपी हे आमचं काम नव्हे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याची माहिती तेवढी काउंटरवर छापून ठेवलीय. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, हेच अनेकांना ठाऊक नसतं.

टॅब हातात द्यायच्या आधी सगळ्या घराला तासभर बसवतो. बाबा ऑफिसात असतील तर रविवारी येतो. शाळेच्या व्हॅनमधल्या मावशींनाही बोलवा म्हणतो. त्यांचे वेगळे पैसे लावत नाही.