६८ नंबरचे तेल, पण किती अंशांवर?

कारखान्यांच्या देखभाल विभागात नोकरी करताना तेलाविषयी सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य म्हणजे, "साहेब, तेल पातळ पडलंय, जरा जाड नंबरचं भरू या." हे सांगणारा फिटर टाकीतले तेल दोन बोटांच्या चिमटीत चोळून बघतो आणि निदान करतो. त्याच्या अनुभवाबद्दल मला शंका नाही. मात्र चिमटीतले थेंबभर तेल क्षणात बोटांच्या तापमानाला येते, आणि यंत्राच्या आत ते किती तापलेले होते याची खूण त्यात उरत नाही. तेल दाट की पातळ हा प्रश्न तापमान सांगितल्याखेरीज पुरा होत नाही, आणि चुकीच्या नंबरचे तेल भरले जाण्यामागे बहुतेक वेळा हा अर्धवट विचारलेला प्रश्नच असतो, असे माझे ठाम मत आहे.

औद्योगिक तेलाच्या बॅरलवर छापलेला ३२, ४६, ६८ किंवा १०० हा आकडा आंतरराष्ट्रीय मानकानुसार ४० अंश सेल्सिअसला त्या तेलाचा दाटपणा, म्हणजे शास्त्रीय परिभाषेतली श्यानता, किती सेंटिस्टोक आहे ते सांगतो. त्यात १० टक्के वर-खाली होण्याची मुभा असते. अंदाज यावा म्हणून सांगतो की २० अंशांच्या पाण्याची श्यानता साधारण १ सेंटिस्टोक असते. आता नेहमीचे ६८ नंबरचे खनिज तेल घेतले, तर ते १० अंशांवर सुमारे ४४० सेंटिस्टोक भरते, २० अंशांवर २१५, ४० अंशांवर ठरल्याप्रमाणे ६८, ६० अंशांवर २९ आणि १०० अंशांवर जेमतेम पावणेनऊ. थंडीतल्या सकाळपासून यंत्र पुरते तापेपर्यंत एकाच टाकीतले तेल पंधरा पटींनी पातळ होते आणि बॅरलवरचा आकडा मात्र तोच राहतो. ही घट सगळीकडे सारख्या वेगाने होत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे: १० वरून २० अंशांवर जाताना श्यानता निम्म्याच्या खाली येते, तर ९० वरून १०० वर जाताना ती ११ वरून ९ च्या आसपास सरकते. म्हणून थंड बाजूचे दहा अंश गरम बाजूच्या दहा अंशांपेक्षा कितीतरी महाग पडतात.

असे का होते, ते थोडक्यात सांगता येईल. तेलाचे रेणू लांब साखळ्यांचे असतात आणि तेल वाहते तेव्हा या साखळ्यांना एकमेकींच्या आकर्षणातून सुटून पुढे सरकावे लागते. उष्णतेमुळे त्यांना सुटण्यासाठी लागणारी ऊर्जा मिळते, शिवाय तेल किंचित प्रसरण पावल्यामुळे सरकायला जागाही होते. वायूंच्या बाबतीत गोष्ट नेमकी उलटी आहे. तिथे रेणू मुळातच दूर दूर असतात, तापल्यावर त्यांच्या धडका वाढतात आणि हवा जितकी तापेल तितकी तिची श्यानता वाढते.

महाराष्ट्रात मेकॅनिकलची पदविका किंवा पदवी घेतलेल्या अनेकांनी प्रयोगशाळेत रेडवुड व्हिस्कोमीटर हाताळलेला असेल. पितळी कप, भोवती पाण्याचे भांडे, तळाच्या बारीक छिद्रावर बसणारी गोळी; ती उचलायची आणि खालच्या चंबूत ५० मिलिलिटर तेल जमायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. या प्रयोगात जर्नल भरण्याची घाई असल्यामुळे पाण्याचे तापमान स्थिर होण्याची वाट फारसे कोणी पाहत नाही, आणि म्हणूनच आलेखावरचे बिंदू कधी ओळीत बसत नाहीत. तेल तपासणाऱ्या चांगल्या प्रयोगशाळेत काचेच्या केशनलिकेतून तेल वाहू देतात, आणि ती नलिका ज्या द्रवात बुडवलेली असते त्याचे तापमान ०.०२ अंशापेक्षा जास्त हलू देत नाहीत. ही शिस्त उगाच नाही. ४० अंशांच्या आसपास आपल्या ६८ नंबरच्या तेलाची श्यानता दर अंशाला सुमारे ५ टक्क्यांनी बदलते, त्यामुळे तापमानात दोन अंशांची गफलत झाली की मानकाने दिलेली १० टक्क्यांची सगळी मुभा तिथेच खर्च होते. चिमटीच्या परीक्षेची किंमत यावरून करावी.

आता हाच हिशेब आपल्या हवामानाला लावून पाहू. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला जानेवारीत पहाटे पारा ५ अंशांच्या खाली जातो, आणि चंद्रपूरला मे महिन्यात दुपारी तो ४५ च्या वर असतो. हायड्रॉलिक यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या पिस्टन पंपांच्या माहितीपुस्तिकांत चालू स्थितीतली योग्य श्यानता साधारणपणे १६ ते ३६ सेंटिस्टोक दिलेली असते. ३२ नंबरचे साधे तेल या पट्ट्यात ३७ ते ५८ अंशांवर बसते, ४६ नंबरचे ४६ ते ६८ अंशांवर आणि ६८ नंबरचे ५४ ते ७७ अंशांवर. तेलाचा नंबर ठरवण्यासाठी प्रांताचे हवामान पुरत नाही. दिवसभर चालल्यानंतर टाकीतले तेल कितीवर स्थिरावते हे कळावे लागते. ते कळण्याची सोय यंत्रावरच असते. टाकीच्या बाजूला पातळी दाखवणारी काच असते आणि तिच्या शेजारी, त्याच चौकटीत, एक बारीक तापमापक बसवलेला असतो. तो तेलकट धुळीने इतका माखलेला असतो की फडक्याने पुसल्याखेरीज त्यातली रेघ दिसत नाही. बहुतेक ठिकाणी तो पुसणारा मीच पहिला असायचो.

हायड्रॉलिक प्रेसची तक्रार ठरलेली असते: सकाळी पंप ओरडतो आणि दुपारनंतर प्रेस दाब धरत नाही. सकाळचा आवाज हा दाट तेलाचा. सक्शनच्या जाळीतून ते पुरेसे येत नाही, पंपाच्या तोंडाशी निर्वात तयार होतो, त्यात बुडबुडे बनतात आणि दाबाच्या बाजूला जाऊन फुटतात. धातूचे कण उडतात ते इथे. अशा वेळी दाब न देता पंप थोडा वेळ नुसता फिरू द्यावा, एवढाच उपाय असतो आणि तो फुकटचा आहे. दुपारची तक्रार जास्त गुंतागुंतीची असते. पंप झिजला की त्याच्या आतल्या फटींतून तेल उच्च दाबाकडून मागे गळते. या गळतीत वाया गेलेली सगळी ऊर्जा उष्णता होऊन तेलातच उतरते, तेल पातळ होते, पातळ तेल अधिक गळते, अधिक गळतीमुळे अधिक तापते. हे चक्र आपण होऊन थांबत नाही. कूलरच्या पात्यांत धूळ बसलेली असेल आणि बाहेर विदर्भाचा मे महिना असेल, तर तीन-चार तासांत प्रेस बसते. तेव्हा १०० नंबरचे तेल भरले की चार दिवस बरे वाटते, हे खरे आहे. पण डिसेंबर उजाडला की तोच पंप सकाळी आणखी मोठ्याने ओरडतो. कूलरची पाती धुणे आणि पंपाची गळती मोजणे ही कामे कंटाळवाणी आहेत, तरी पहिल्यांदा करायची तीच.

बुश बेअरिंगमध्ये, म्हणजे छर्रे नसलेल्या आणि शाफ्टला नुसत्या धातूच्या नळीत फिरवणाऱ्या बेअरिंगमध्ये, हेच चक्र उलट्या दिशेने चालते आणि म्हणून ते फार समंजस आहे. फिरता शाफ्ट तेल ओढून आपल्याखाली घेतो आणि तेलाच्या थरावर तरंगतो. बोशाम्प टॉवर यांनी १८८३ मध्ये रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करताना वरच्या छिद्रात ठोकलेले लाकडी बूच तेलाच्या दाबाने बाहेर फेकले गेल्याचे पाहिले, आणि १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्या दाबाचे गणित मांडले. टॉवर यांच्या प्रयोगांत ऑलिव्ह तेलही होते, आणि रेनॉल्ड्स यांनी त्याची श्यानता तापमानाबरोबर कशी उतरते हे मोजून आपल्या गणितात घेतले होते. अशा थरात तेल दाट असेल तर घुसळण जास्त होते, त्यामुळे ते तापते, तापून पातळ होते आणि मग घुसळण कमी होते; बेअरिंग आपले तापमान स्वतःच शोधून तिथे थांबते. नंबर दुप्पट केला म्हणून चालत्या बेअरिंगमधला दाटपणा दुप्पट होत नाही. त्यातला बराचसा फायदा वाढलेले तापमान खाऊन टाकते आणि विजेचे बिल तेवढे वाढते. जाड तेल म्हणजे जास्त संरक्षण, हा समज कारखान्यांत फार पक्का आहे, आणि मला तो बऱ्याच वेळा खर्चिक वाटत आला आहे.

सगळी तेले तापमानाला सारखाच प्रतिसाद देत नाहीत. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या डीन आणि डेव्हिस यांनी हा फरक आकड्यात बसवला. त्या वेळच्या तेलांपैकी सर्वांत कमी बदलणारे पेनसिल्व्हेनियाच्या कच्च्या तेलाचे वंगण त्यांनी १०० मानले आणि सर्वांत जास्त बदलणारे मेक्सिकोच्या आखातालगतचे शून्य. हाच श्यानता निर्देशांक. आज उत्तम शुद्धीकरणाने आणि कृत्रिम तेलांनी तो शंभराच्या बराच वर गेला आहे, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. ४६ नंबरची दोन तेले घेतली, एकाचा निर्देशांक १०० च्या आसपास आणि दुसऱ्याचा १५० च्या आसपास, तर १० अंशांवर ती साधारण २६० आणि २०५ सेंटिस्टोक भरतील आणि ८० अंशांवर ११ आणि १३. फरक उपयोगाचा आहे. विक्रेता सांगतो तेवढा मोठा नाही. शिवाय निर्देशांक वाढवण्यासाठी तेलात विरघळवलेले पॉलिमर पंपाच्या आणि गिअरच्या रगड्यात हळूहळू तुटतात, आणि वर्षभराने त्या तेलाचे वागणे नव्या तेलासारखे राहत नाही.

मोटारीच्या तेलावर दोन आकडे असतात ते याच कारणाने. २०डब्ल्यू-४० मधला ४० हा १०० अंशांवर १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकचा पट्टा सांगतो, आणि डब्ल्यू लावलेला आकडा थंडीतल्या चाचणीचा. २०डब्ल्यू ती उणे १५ अंशांवर देते तर ०डब्ल्यू उणे ३५ वर. आपल्याकडे उणे तापमान नाही, मग ०डब्ल्यू कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. परंतु इंजिनाच्या दृष्टीने पुण्यातली २५ अंशांची सकाळही थंडच असते. ०डब्ल्यू-२० आणि २०डब्ल्यू-४० या तेलांत १०० अंशांवर दुपटीहून कमी अंतर असते, ते २५ अंशांवर तिपटीच्या पुढे जाते, आणि गाडी सुरू केल्यावर झडपा उघडणाऱ्या वरच्या कॅमपर्यंत तेल पोहोचायला लागणारा वेळ या दुसऱ्या अंतरावर ठरतो. अर्थात ज्या इंजिनाच्या पुस्तिकेत २०डब्ल्यू-४० सांगितले आहे त्यात ०डब्ल्यू-२० ओतू नये. तिथल्या फटी आणि तेलपंप त्या तेलासाठी बनवलेले नसतात.

तेलाच्या माहितीपत्रकात ४० आणि १०० अंशांवरचे दोन आकडे दिलेले असतात. श्यानतेचा दोनदा लॉगॅरिदम आणि निरपेक्ष तापमानाचा एकदा लॉगॅरिदम घेऊन आलेख काढला, तर खनिज तेलाचे वक्र जवळजवळ सरळ रेषा होतात. ही रेषा देणाऱ्या वॉल्थर यांच्या समीकरणावर आखलेले तक्ते छापील मिळतात आणि स्प्रेडशीटवरही हे काम होते. दोन बिंदू मांडायचे, पट्टी ठेवून रेघ ओढायची, आपल्या टाकीतले तापमान आडव्या अक्षावर शोधायचे आणि वर बघायचे. वरचे बरेचसे आकडे मी असेच काढलेले आहेत.

ही रेघ थंडीच्या बाजूला कुठवर ओढायची, याला मात्र मर्यादा आहे. घरातले खोबरेल हिवाळ्यात बाटलीत थिजते. खनिज तेलातही मेणाचे अंश असतात आणि ते एका तापमानाला स्फटिक होऊन एकमेकांत अडकू लागले की तेल वाहणेच सोडते, रेघ काहीही म्हणो. पत्रकातला पोअर पॉइंट, म्हणजे तेल ज्याच्या खाली वाहत नाही ते तापमान, त्यासाठी पाहायचा. निफाडच्या पहाटेला त्याची गरज पडत नाही. लडाखमध्ये जनरेटर सांभाळणाऱ्याला किंवा कॅनडाच्या उणे ३० अंशांत गाडी रात्रभर बाहेर ठेवणाऱ्याला मात्र तो आकडा आधी आणि श्यानता निर्देशांक नंतर पाहावा लागतो, आणि तिकडे इंजिनाला हीटर लावून त्याची पिन रात्री भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचून ठेवतात.