आमची वाटचाल : हँगरमधून छपरावर

रत्नागिरीत आमचं पत्रेकामाचं वर्कशॉप आहे. घरांची आणि शेडची छपरं, पन्हळी, आंब्याच्या कॅनिंग फॅक्टऱ्यांमधले हूड आणि डक्ट, मासळीच्या गोदामांचे पत्रे ही आमची नेहमीची कामं. नवीन गिऱ्हाईक पहिल्याच भेटीत विचारतं, "पत्रा किती गेजचा घालणार?" प्रश्न रास्त आहे. पण आमचा भर जाडीपेक्षा दुसऱ्या गोष्टीवर असतो. पत्रा मधोमध सहसा मरत नाही, तो मरतो भोकाशी, जोडाशी आणि कापलेल्या कडेशी. मला हे विमानांनी शिकवलं, आणि आमचा धंदा आजवर त्याच शिकवणीवर चालला आहे.

सुरुवात वडिलांपासून. त्यांना आम्ही आबा म्हणतो. बाजारातल्या छोट्या गाळ्यात ते नरसाळी, झाऱ्या, धान्याच्या कोठ्या, ट्रंका आणि पन्हळी बनवायचे. कातर, मोगरी, ऐरण, डाक द्यायला कोळशाची शेगडी आणि नवसागर, एवढंच भांडवल. मे महिन्यात पन्हळींसाठी लोक दारात बसून राहायचे. पुढे प्लास्टिकच्या बादल्या आल्या, पीव्हीसीच्या पन्हळी आल्या आणि गाळ्यातलं काम दर वर्षी थोडं थोडं आटत गेलं. आबा म्हणाले, कातर सोडू नकोस, पण हातात सर्टिफिकेट घेऊन ये. मी आयटीआयला शीट मेटल वर्करचा एक वर्षाचा ट्रेड घेतला. आबा नरसाळ्याचा पत्रा नुसत्या नजरेने कापायचे. तोच आकार कागदावर उलगडून कसा काढायचा, वाकवताना पत्रा किती खातो, हे तिथे गणिताने समजलं. आबांच्या नजरेचं मोल मला तेव्हा नीट कळलं.

त्यानंतर मुंबई. ओळखीच्या एका गृहस्थांनी विमानतळाजवळच्या एका हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या शेडमध्ये, हेल्पर म्हणून लावून दिलं आणि हळूहळू मी स्ट्रक्चरच्या, म्हणजे विमानाच्या सांगाड्याच्या आणि पत्र्याच्या कामावर आलो. ऐरणीवर पत्रा ठोकून मोठ्या झालेल्या पोराला तिथलं सगळंच नवं होतं. प्रवासी विमानाच्या धडावरचा पत्रा बऱ्याच ठिकाणी जेमतेम एक मिलिमीटरचा असतो, हे ऐकून मी दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. त्या मिश्रधातूत ताकदीसाठी तांबं घातलेलं असतं. मात्र तांब्यामुळे गंज लवकर धरतो, म्हणून वरून शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. त्या थरावर ओरखडा काढायचा नाही, सुईने आखायचं नाही. साध्या शिसपेन्सिलीने रेघ मारायलाही मनाई, कारण शिसपेन्सिलीत ग्राफाइट असतं आणि ओलावा मिळाला की त्या रेघेवरच अॅल्युमिनियम खायला सुरुवात होते.

भोक पाडलं की त्याची खरखर दोन्ही बाजूंनी काढायची. रिव्हेट म्हणजे दोन पत्रे जोडायला भोकात घालून ठोकायचा खिळा. त्याचं केंद्र कडेपासून निदान त्याच्या व्यासाच्या दुप्पट अंतरावर हवं. ठोकून तयार होणारं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्म्या उंचीचं हवं. काही रिव्हेट तर भट्टीत तापवून, झटकन गार करून फ्रीजरमध्ये ठेवलेली असत. बाहेर काढली की काही मिनिटांत ठोकायची, नाहीतर ती कडक होतात आणि ठोकताना चिरतात. एक जण बाहेरून गन चालवतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. मध्ये पत्रा असल्याने एकमेकांचं तोंडही दिसत नाही, आवाजाने कान बंद, तरी दोघांचे हात एकाच क्षणी चालले पाहिजेत. ही जोडी जमायला वेळ लागतो. एकदा जमली की त्या कामासारखा आनंद दुसरा नाही.

नव्या पोरांना तिथे दोन अपघात शिकवत. पहिला 12 ऑगस्ट 1985 चा, जपानमधला. काही वर्षांपूर्वी त्या विमानाची शेपूट धावपट्टीला घासली होती आणि आतल्या हवेचा दाब धरणाऱ्या मागच्या भिंतीची दुरुस्ती झाली होती. जोडपट्टी एकसंध लावायच्या जागी दोन तुकडे लावले गेले, त्यामुळे जिथे रिव्हेटच्या दोन रांगांनी भार घ्यायचा तिथे एकाच रांगेने घेतला. जोड सात वर्षं टिकला आणि मग फाटला. 520 माणसं गेली. दुसरा 28 एप्रिल 1988 चा, हवाई बेटांवरचा. 24,000 फुटांवर विमानाच्या पुढच्या भागाचं छप्परच उडालं. एक हवाईसुंदरी बाहेर फेकली जाऊन दगावली, बाकीच्यांना घेऊन वैमानिकांनी विमान उतरवलं, हे नवलच. त्या विमानाने बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्या करत जवळपास नव्वद हजार उड्डाणं केली होती, तीही समुद्राच्या दमट खाऱ्या हवेत. पत्र्यावर पत्रा चढवलेल्या जोडातला चिकटवलेला थर सुटला, आत ओलावा शिरला, आणि रिव्हेटच्या भोकाभोकापासून बारीक चिरा निघून त्या एकमेकींना मिळाल्या.

हे ऐकताना मला आमच्या मिऱ्या बंदराकडची छपरं आठवत होती. तिथे पत्रा असाच जातो. आधी स्क्रूभोवती तांबूस कडं, मग एकावर एक चढवलेल्या पत्र्यांच्या मधे पांढरी भुकटी, मग चाळण.

आबांना एकट्याने गाळा चालवणं जमेना तेव्हा मी परतलो. कोकणात तोवर घरांवरची कौलं उतरायला लागली होती. शाकारणीला माणूस मिळत नाही, तरणी मुलं मुंबईला आणि उरलेली कौलं माकडं फोडतात. लोक पत्र्याकडे वळले ते नाइलाजाने. मला आजही वाटतं, कौलं शाबूत असतील आणि दर वर्षी शाकारायला माणूस असेल तर पत्रा घालू नये. कौलारू घराचा गारवा पत्रा देत नाही. हे आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, त्यात कामं जातात, पण सांगतो. तरी पत्रा घालायचाच असेल तर आढ्याला हवा खेळती ठेवून आणि खाली छत घेऊन घाला म्हणतो.

हँगरमधली शिस्त छपरावर आणायची ठरवली तेव्हा सगळ्यात जास्त वाद झाला तो ग्राइंडरवरून. ग्राइंडरने पत्रा झटपट कापला जातो, पण ठिणग्यांसोबत लोखंडाचा तापलेला चुरा शेजारच्या पत्र्यावर चिकटतो. एका रात्रीच्या दवात त्याचे तांबडे ठिपके उठतात, कापलेल्या कडेवरचा गंजापासून वाचवणारा लेपही जळलेला असतो. आमच्याकडे पत्रा कातरीने किंवा निबलरनेच (पत्र्याचे बारीक तुकडे तोडत कापणारं हत्यार) कापतात, आणि भोकं पाडल्यावर चुरा त्याच संध्याकाळी झाडून काढतात. अॅल्युमिनियम-झिंक लेपाच्या पत्र्यावर शिसपेन्सिल इथेही बंद. मार्करने आखायचं. ओला सिमेंट गिलावा अशा पत्र्याला लागू द्यायचा नाही, आकाशातली वीज जमिनीत उतरवणारी तांब्याची पट्टी त्यावरून न्यायची नाही. अनेकांना वाटतं स्टेनलेसचा स्क्रू घातला की चिंता मिटली. खाऱ्या ओलाव्यात तो स्वतः शाबूत राहतो आणि भोवतीचा लेप खातो. लेपाशी जुळणारा स्क्रू, खाली चांगल्या रबराचा वॉशर, आणि तो इतकाच आवळायचा की रबर किंचित फुगेल. चेपून बाहेर आलेलं रबर उन्हात दोन वर्षांत फाटतं.

पत्रा कुठल्या टोकापासून घालायचा हेही ठरलेलं. आमच्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून, म्हणून सुरुवात विरुद्ध टोकापासून, म्हणजे चढवलेल्या कडेचं तोंड वाऱ्याकडे येत नाही. आणि एक गोष्ट बहुतेक घरमालकांना नवी वाटते. पावसाने वरचा पत्रा धुऊन निघतो, पण पागोळीकडची खालची बाजू कधीच धुतली जात नाही. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत बसलेलं मीठ तिथे तसंच राहतं. महिन्या-दोन महिन्यांनी तिथे गोड्या पाण्याचा फवारा मारला तर पत्र्याचं आयुष्य खरोखर वाढतं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. दापोली, मंडणगडकडे आम्ही गेलो तेव्हा गावंच्या गावं उघडी पडली होती, पाऊस तोंडावर आणि टाळेबंदीमुळे माल मिळेना. पडलेले पत्रे आम्ही एकेक उलटून पाहिले. पुष्कळ ठिकाणी स्क्रू रिपेत (पत्र्याखालच्या आडव्या पट्टीत) तसेच उभे होते आणि पत्रा त्यांच्या डोक्यावरून ओढून निघाला होता, भोकं लांबट झालेली. वारा छपराला दाबत नाही, वर ओढतो, आणि ही ओढ वळचणीला, आढ्याला आणि कोपऱ्यांना सगळ्यात जास्त असते. तेव्हापासून त्या पट्ट्यांत आम्ही रिपा जवळजवळ घेतो आणि स्क्रू दाट लावतो. मधल्या भागात तेवढे लागत नाहीत. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, त्यात आमच्या नव्या छपरांपैकी काहींच्या पन्हळी गेल्या, पत्रे राहिले.

वर्कशॉपमध्ये आता आयटीआयची मुलं अप्रेंटिस म्हणून येतात, मुलीही येतात. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाल्यापासून त्यांचे आईवडील विचारतात, "दादा, आता विमानाची नोकरी इथेच मिळेल ना?" मी त्यांना स्पष्ट सांगतो. विमानतळ असला म्हणजे पत्र्याची मोठी दुरुस्ती तिथे होते असं नाही. ती होते मुंबई, नागपूरचं मिहान, हैदराबाद इथल्या हँगरांत. नौदलाची विमानं गोव्याच्या यार्डात दुरुस्त होतात. नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीत लढाऊ विमानांचं काम चालतं आणि तिथे आयटीआयच्या मुलांना अप्रेंटिसशिप मिळते. ज्याला तिकडे जायचं त्याने दहावीनंतर एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटरचा दोन वर्षांचा ट्रेड कुठे आहे ते पाहावं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित असेल तर डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियंत्रकाच्या, एएमई (विमान देखभाल अभियंता) लायसन्सची वाट मोकळी असते. रिव्हेट ठोकणारा वेगळा आणि विमान उडायला योग्य आहे अशी सही करणारा लायसन्सवाला वेगळा, हा फरक मुलांना सुरुवातीलाच माहीत हवा. इंग्रजी मॅन्युअल वाचायची सवय दोघांनाही लागते.

आमच्याकडे शिकलेली एक मुलगी आज हँगरमध्ये स्ट्रक्चरला आहे. तिच्याबरोबरचा मुलगा गुहागरकडे स्वतःची छपरांची कामं घेतो. कोण पुढे गेला असं मला विचारू नये. छपराचं काम जून ते सप्टेंबर थांबतं, तेव्हा हूड, डक्ट आणि विजेच्या पॅनेलच्या पेट्यांवर भागवावं लागतं. हँगरमध्ये पगार बारा महिने, पण रात्रपाळ्या आणि घर दूर. जीवाची काळजी मात्र दोन्हीकडे सारखीच. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर कुणी फळी टाकल्याशिवाय आणि पट्टा बांधल्याशिवाय चढला तर तो त्या दिवशी घरी जातो, मग काम कितीही अडो. तो पत्रा फुटतो तेव्हा आधी आवाजही देत नाही.

विमानाच्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद असते, तशी आम्ही प्रत्येक छपराची वही ठेवतो. पत्र्याची कॉइल, लेप, स्क्रूचा प्रकार, रिपांतलं अंतर, घातल्याची तारीख आणि समुद्र कुठल्या दिशेला. निसर्गनंतर घातलेल्या छपरांच्या नोंदी काढून या दिवाळीनंतर दापोलीपासून सुरुवात करायची आहे. प्रत्येक घरी वळचणीचे चार-दोन स्क्रू काढून भोकं पाहायची, खराब असतील ते बदलायचे आणि पुन्हा लिहून ठेवायचं. त्या भागातल्या ज्यांचं छप्पर दुसऱ्या कुणी घातलं आहे त्यांनीही सांगावं, आमची माणसं तिकडे असतील तेव्हा पाहून जातील.