कुटाशिवायची कोशिंबीर

कोल्हापुरात शेंगदाण्याचा कूट टाळून जगायचं म्हणजे काय, ते आमच्या घरी येऊन बघा. गेल्या श्रावणात भाचीनं काकडीच्या कोशिंबिरीचा एकच घास खाल्ला आणि बघता बघता खालचा ओठ टम्म सुजला, गळ्यावर लालभडक गांधी उठल्या. तशीच उचलून दवाखान्यात नेली.

तेव्हापासून मी टी-रेग पेशींबद्दल वाचतेय. ‘हे अन्न आहे, शत्रू नव्हे’ असं रोगप्रतिकारशक्तीच्या बाकीच्या पेशींना बजावणाऱ्या या पेशी. जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी त्या १९९५ मध्ये ओळखल्या. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळालं. या पेशी घडवणारं फॉक्सपी-३ हे जनुकच बिघडलं तर तान्ह्या बाळालाही इसब, जुलाब, अन्नाची ॲलर्जी गाठते. वाचताना पोटात कालवलं.

परवा वहिनीनं कोशिंबिरीत कुटाऐवजी ओलं खोबरं घातलं. पोरीनं दोनदा मागून खाल्ली.