मँचेस्टर : मालक, कर्ज आणि सभासद

मँचेस्टरला जाणारा भारतीय फुटबॉलप्रेमी बहुधा आधी मँचेस्टर युनायटेडचे मैदान ओल्ड ट्रॅफर्ड गाठतो. मी मात्र मुंबई सिटीचा समर्थक असल्यामुळे पिकॅडिली स्थानकाखालून सुटणारी ट्राम पकडून प्रथम एतिहाद स्टेडियमला गेलो. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने आमच्या क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि त्यानंतर अंधेरीच्या मैदानाने कधी अपेक्षिले नव्हते ते पाहिले : २०२०-२१ मध्ये इंडियन सुपर लीगच्या साखळीची ढाल आणि करंडक एकाच हंगामात, तर २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान. हे यश कोणाच्या पैशाने आले हा प्रश्न तेव्हा मी स्वतःला फारसा विचारला नाही. जिंकणाऱ्या संघाचा समर्थक असले प्रश्न सहसा विचारत नाही.

एतिहाद हे मुळात सार्वजनिक काम आहे. २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी ते बांधले गेले, त्याची मालकी आजही नगरपालिकेकडे असून क्लब तेथे भाडेकरू आहे. २००८ मध्ये अबू धाबीच्या राजघराण्यातील शेख मन्सूर यांच्या कंपनीने क्लब विकत घेतला आणि परिसराचे रूपच पालटले. सगळे चकचकीत, नेटके आणि थोडे निर्जीव आहे. प्रीमियर लीगने फेब्रुवारी २०२३ मध्ये आर्थिक नियमभंगाचे शंभराहून अधिक आरोप या क्लबवर ठेवले आणि क्लबने ते नाकारले, याची चाहूल तेथील मार्गदर्शित फेरीत अर्थातच लागत नाही.

ओल्ड ट्रॅफर्डची कथा उलट आहे. येथे मालकाने पैसा आणला नाही, कर्ज आणले. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला, त्यातील मोठा भाग उसना होता, आणि तोवर कर्जमुक्त असलेल्या क्लबच्याच माथी त्या कर्जाचा बोजा आला. ज्याला विकत घेतले त्यानेच खरेदीचे व्याज फेडायचे, हा व्यवहार मला अजूनही पचत नाही. ६ फेब्रुवारी १९५८ च्या म्युनिक येथील संघाच्या विमान अपघातात दगावलेल्यांच्या स्मारकापाशी आजही लोक थबकतात, आणि त्यापासून थोड्याच अंतरावर भव्य दुकान गजबजलेले असते. २०२४-२५ च्या हंगामात येथील उरलेली सभासद-तिकिटे ६६ पौंडांवर नेण्यात आली आणि ज्येष्ठांची व मुलांची सवलतही काढून घेण्यात आली.

याच व्यवहाराला विटून २००५ मध्ये काही समर्थकांनी स्वतःचा क्लब काढला, तो एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. त्याचे मैदान ब्रॉडहर्स्ट पार्क शहराच्या उत्तरेला मॉस्टन भागात आहे. मैदानापर्यंत ट्राम जात नाही, पिवळी बस जाते. मँचेस्टरने या बसगाड्या खासगी कंपन्यांच्या मर्जीतून काढून जानेवारी २०२५ पर्यंत पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या आहेत, त्यामुळे मॉस्टनला जाण्यास याहून समर्पक वाहन नाही. १८७८ मध्ये रेल्वे कामगारांनी ज्या न्यूटन हीथमध्ये मूळ क्लब स्थापला, ती वस्ती येथून अगदी जवळ आहे. जन्मस्थानाला ओल्ड ट्रॅफर्डपेक्षा बंडखोरच अधिक जवळचे आहेत.

फुटबॉल, प्रामाणिकपणे सांगायचे तर, बेताचाच होता. इंग्लिश साखळ्यांच्या उतरंडीत दहाव्या पायरीपासून सुरुवात केलेला हा क्लब २०१९ पासून सातव्या पायरीवर आहे, आणि तेथे चेंडू जमिनीपेक्षा हवेत अधिक असतो. परंतु गोलामागच्या पायऱ्यांवर उभे असलेले लोक संघ मागे पडल्यावरही गात होते, आणि खेळाडूंच्या शर्टावर एकाही कंपनीचे नाव नव्हते, कारण ते घालायचे नाही असे सभासदांनीच ठरवले आहे. शेजारी उभे असलेले आजोबा २००५ नंतर ओल्ड ट्रॅफर्डला एकदाही गेलेले नव्हते. दूरचित्रवाणीवर जुन्या संघाचा गोल झाला की मात्र ते आजही खुर्चीतून उठतात, असे त्यांनी जरा ओशाळून सांगितले.

कोणी कितीही भांडवल घातले तरी येथे एका सभासदाला एकच मत असते. आधुनिक सहकाराचा पाया ज्या विणकरांनी आणि कारागिरांनी १८४४ मध्ये घातला, त्यांचे रॉचडेल येथून फार दूर नाही. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या साखर कारखान्याचा इतिहास ज्याने शाळेत वाचला आहे, त्याला या नियमात अनोळखी असे काही वाटणार नाही. सहकारातील भाऊबंदकीही अनोळखी नाही : २०१६ मध्ये अंतर्गत वादातून येथील संचालकांनी राजीनामे दिले. तरीही ते भांडण सभेत झाले आणि भांडणाऱ्यांना मत होते, हा फरक मला मोठा वाटतो.

तो मला का बोचला, हे भारतीय फुटबॉलची वार्षिक कुंडली ठाऊक असणाऱ्यांच्या लक्षात येईल. भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि तिच्या व्यावसायिक भागीदारातील १५ वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होता. त्याच्या नूतनीकरणाचे न जमल्याने जुलैमध्येच इंडियन सुपर लीगचा हंगाम स्थगित झाला, आणि डिसेंबर अखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईतील हिस्सा सोडला. येताना आम्हाला कोणी विचारले नव्हते आणि जातानाही नाही. इंग्लंडमध्ये २०२१ च्या एप्रिलमध्ये बड्या क्लबांच्या वेगळ्या युरोपियन सुपर लीगचा घाट समर्थकांनी रस्त्यावर येऊन दोन दिवसांत उधळला आणि २०२५ च्या जुलैमध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदाही झाला. तो वरच्या पाच पायऱ्यांना लागू आहे. मॉस्टनवाल्यांना त्याचे विशेष सोयरसुतक नव्हते, कारण ज्या प्रश्नासाठी कायदा करावा लागला त्याचे उत्तर त्यांनी स्वतःपुरते आधीच काढले होते.

मुंबईहून जाणाऱ्यांनी शनिवारची दुपार मॉस्टनसाठी राखून ठेवावी. सामना बहुधा तीन वाजता असतो, आणि ओल्ड ट्रॅफर्डची फेरी त्याआधी सकाळी सहज उरकते.