होमरच्या धक्क्यावरची डोकी

अलास्काला मासे पकडायला जायचं तर सुट्टी माशांच्या वेळापत्रकाला जुळवून घ्यावी लागते. सॅमनच्या पाच जाती, आणि प्रत्येकीची समुद्रातून नदीत चढायची वेळ वेगळी. त्यातल्या सगळ्यात मोठ्या, किंग सॅमनचा विचार आम्ही सुरुवातीलाच सोडला. १९८५ साली केनाई नदीत ४४ किलोचा किंग गळाला लागला होता, तो विक्रम अजून टिकून आहे; पण आता किंग इतके घटलेत की तिथे त्याची मासेमारी अलीकडे बंदच ठेवतात. म्हणून जुलैचा उत्तरार्ध धरला. तेव्हा केनाईत सॉकाय सॅमन थव्याने चढतो आणि होमर गावाजवळच्या समुद्रात हॅलिबट हा मोठा चपटा मासाही मिळतो. फक्त बुधवार वगळला, कारण त्या वर्षी पर्यटकांना मासेमारीला नेणाऱ्या चार्टर बोटींना बुधवारी हॅलिबट धरायला बंदी होती.

आई वेंगुर्ल्याहून आमच्याकडे सिअ‍ॅटलला आली होती. मासे म्हटल्यावर ती घरी थांबणं शक्यच नव्हतं.

अँकरेजहून होमरचा रस्ता फार देखणा आहे. वाटेत केनाईला मिळणाऱ्या रशियन नदीवर सॉकायसाठी थांबलो. खांद्याला खांदा लावून माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी, दोऱ्या एकमेकांत अडकतायत, पलीकडच्या काठावर अस्वल. मासे मिळाले, पण मला ती गर्दी अजिबात आवडली नाही. इतक्या लांब येऊन दादरच्या पुलावरच उभं राहायचं तर कशाला यायचं?

होमरला आई धक्क्यावर थांबली, आम्ही बोटीने गेलो. शिशाचं जड वजन, हेरिंगचं आमिष, आणि हॅलिबट तळाशी. भरलेली कळशी रहाटाने ओढावी तसा तो वर येतो, हात भरून येतात. दोन्ही डोळे एकाच बाजूला. परतल्यावर आईने बघितलं आणि म्हणाली, “ह्यो तर लेपाचो मोठो भाव!” लेप म्हणजे आमच्याकडचा छोटा चपटा मासा, त्याचा हा थोरला भाऊ.

मग साफसफाईचं टेबल. बोटीवरच्या पोराच्या हाताला सुंदर वेग होता. सपासप चार लांब तुकडे काढले, दोन्ही गाल कापून वेगळे ठेवले, आणि उरलेलं धूड, डोकं, काटा, शेपटी, सगळं डब्यात. आमच्या सॉकायचं तर त्याने आम्ही बघेपर्यंत डोकं उडवून फेकलंसुद्धा. शेजारच्या टेबलांवरही तेच. टेबलांखाली मोठमोठे डबे ताज्या डोक्यांनी भरलेले.

आईचा चेहरा उतरला. “गो, डोकी टाकतत काय हे?”

मलाही फार वाईट वाटलं. या माशासाठी नियम किती काटेकोर आहेत! माणशी किती, किती लांबीचे, कुठल्या वारी, सगळं ठरलेलं. आणि धक्क्यावर आल्यावर मात्र निम्म्याच्या आसपास मासा कचरा! अलास्काचे मूळ रहिवासी पिढ्यानपिढ्या सॅमनच्या डोक्यांचं सूप करून खातात. पर्यटकांसाठी मात्र मासा म्हणजे नुसती बिनकाट्याची वडी.

मी त्या पोराला विचारलं. तो लगेच म्हणाला, “हवी तेवढी न्या, कुणी मागतच नाही.” पण मागणारी एकजण होती. पलीकडच्या टेबलाशी एक फिलिपिनो बाई आपल्या बादलीत डोकी निवडून टाकत होती. तिने आईला बघितलं, एक डोकं उचललं, कल्ले उचकटून काढून दाखवले आणि मान हलवली: हे राहिले तर कडू. आईने दुसरं डोकं घेतलं आणि तिच्याच सुरीने तस्सेच कल्ले काढले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दोघी बराच वेळ तिथे वाकून उभ्या होत्या आणि मी त्यांच्यामागे रडू आवरत होते. आंबट घालून सार करायचं, हेसुद्धा त्यांनी खुणांनीच ठरवलं.

तुम्ही जाणार असाल तर बोट ठरवतानाच विचारा, डोकी देणार का. साफ करणं, हवाबंद पिशव्या, गोठवणं, सगळ्याचे पैसे वजनावर घेतात आणि ते झोंबतात. डोकी फुकट मिळतात आणि कुणी सांगत नाही, याचा मला अजून राग येतो.

त्या रात्री केबिनच्या छोट्या शेगडीवर आईने सिअ‍ॅटलहून आणलेली तिरफळं आणि आमसुलं घालून सार केलं. हॅलिबटचं मांस तिला कोरडं वाटलं. तो रव्यात घोळून तळायलाच बरा, असं तिने ठरवून टाकलं. साराला सॉकायचंच डोकं.